अमेरिकेतल्या काउंटीत मृत्यूची नोंद आणि निधनवार्ता कशी शोधायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओहायोतल्या आमच्या सार्वजनिक ग्रंथालयात मी शनिवारी सकाळी वंशावळीच्या टेबलाशी बसते. टेबलापाशी येतात ते बहुतेक जर्मन आणि आयरिश घराण्यांतले निवृत्त लोक. फोनवर मात्र मराठी प्रश्न येतात. "काका १९७४ मध्ये डेट्रॉइटला गेले, तिकडेच वारले, दाखला कुठे मिळेल?" "पणजोबांचे भाऊ बोटीवर खलाशी होते, अमेरिकेत उतरले ते परतलेच नाहीत." तेच ते सांगून दमले, म्हणून उत्तरं लिहून ठेवली. जिथे माझी स्वतःची फजिती झाली, तिथे जरा जास्त लिहिलंय.

सुरुवात नावापासून करायची ना?

नाही, ठिकाणापासून. अमेरिकेत साऱ्या देशाचं मिळून एक मृत्यू-रजिस्टर नाही. नोंदी राज्यांच्या, आणि जुन्या काळच्या तर काउंटीच्या. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा, पण आकाराने कधी तालुक्याएवढी. अशा काउंट्या तीन हजारांवर आहेत. माणूस कोणत्या काउंटीत वारला हे कळलं की अर्धं काम झालं. तो कोणत्या काउंटीत राहत होता, हे कळून तेवढं भागत नाही, कारण नोंद मृत्यू झाला तिथे होते. राहता एका काउंटीत आणि इस्पितळ शेजारच्या काउंटीत, असं पावलोपावली घडतं.

माझ्या आजोबांचे थोरले भाऊ, परब, मालवणहून बोटीवर गेले आणि १९३१ नंतर त्यांची पत्रं थांबली. घरात पिढ्यानपिढ्या एकच वाक्य चालत आलं होतं: "ते शिकागोला वारले." मी आठ महिने इलिनॉय राज्यातली कुक काउंटी चाळली, कारण शिकागो कुक काउंटीत. मग आत्याच्या ट्रंकेत त्यांचं एक पाकीट सापडलं. आतलं पत्र गेलेलं, पण कोपऱ्यातला पत्ता वाचता येत होता: ईस्ट शिकागो. ईस्ट शिकागो हे शिकागोचं उपनगर असेल असं कोणालाही वाटेल, पण ते इलिनॉयमध्ये नाहीच. ते शेजारच्या इंडियाना राज्यात, लेक काउंटीत आहे. तिथल्या सूचीत नाव अर्ध्या तासात मिळालं.

म्हणून आधी घरातली पाकिटं, पोस्टकार्डांवरचे शिक्के, फोटोच्या मागे छापलेला स्टुडिओचा पत्ता बघा. पत्रातल्या मजकुरापेक्षा पाकीट जास्त बोलतं. आणि मजकूर वाचून पाकीट फेकून देणारी माणसं प्रत्येक घरात असतात.

काउंटीत नेमक्या कोणत्या ऑफिसला विचारायचं?

राज्यागणिक वेगळं. टेक्सास, इलिनॉय, मिशिगनमध्ये काउंटी क्लार्क. कॅलिफोर्नियात काउंटी रेकॉर्डर. ओहायोत १८६७ पासून डिसेंबर १९०८ पर्यंतचे मृत्यू प्रोबेट कोर्टाच्या वह्यांत, म्हणजे मृत्युपत्रांचा निवाडा करणाऱ्या कोर्टात. अलीकडच्या नोंदींसाठी बऱ्याच ठिकाणी आरोग्य खातं.

काही राज्यांत काउंटीचा यात संबंधच येत नाही. मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट आणि आसपासच्या न्यू इंग्लंड राज्यांत नोंद टाउनची असते, आपल्याकडच्या ग्रामपंचायतीसारखी. लुइझियानात काउंटीला पॅरिश म्हणतात आणि अलास्कात बरो. न्यूयॉर्क शहराचं खातं न्यूयॉर्क राज्यापासून वेगळं आहे. राज्याकडे अर्ज करून शहरातला दाखला मागितला तर महिनाभराने नकार येतो, आणि फी परत मिळवायला दुसरा महिना.

किती जुनी नोंद मिळू शकते?

मॅसॅच्युसेट्सने राज्यभर नोंदणी १८४१ मध्ये सुरू केली, न्यू जर्सीने १८४८ मध्ये, मिशिगनने १८६७ मध्ये. न्यूयॉर्क राज्य १८८० चं. पुढचे मात्र सावकाश आले: इंडियाना १८९९, टेक्सास १९०३, कॅलिफोर्निया १९०५, पेनसिल्व्हेनिया १९०६, इलिनॉय १९१६, जॉर्जिया १९१९. त्याआधीचं जे काही असेल ते काउंटीकडे. पेनसिल्व्हेनियात १८९३ ते १९०५ या काळातले मृत्यू काउंटीच्या कोर्टातल्या वह्यांत आहेत.

कायदा झाला त्या दिवसापासून सगळ्या नोंदी होऊ लागल्या असं मात्र नाही. पहिली काही वर्षं खेड्यापाड्यांत निम्मे मृत्यू नोंदवलेच जात नसत, असं समजून चाला. शिवाय आगी. ऑक्टोबर १८७१ मध्ये शिकागोत जी आग लागली तिच्यात कुक काउंटीचे कागद जळाले. व्हर्जिनियात तर यादवी युद्धात आणि आगींत कचेऱ्या गमावलेल्या काउंट्यांना 'जळक्या काउंट्या' असंच म्हणतात.

काउंटी बरोबर आहे, वर्ष बरोबर आहे, तरी नोंद नाही. असं का?

काउंटीच तेव्हा जन्मली नसेल. ब्राँक्स काउंटी १९१४ मध्ये झाली, त्याआधी तो भाग न्यूयॉर्क काउंटीत. नासाऊ १८९९ मध्ये क्वीन्समधून निघाली. कॅलिफोर्नियातली इंपीरियल काउंटी, जिथे पंजाबी शेतकरी मोठ्या संख्येने वसले, ती १९०७ मध्ये सॅन डिएगो काउंटीतून वेगळी झाली. रत्नागिरीतून सिंधुदुर्ग १९८१ मध्ये निघाला, तसंच हे. जुने कागद बहुधा मूळ काउंटीतच राहतात. शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीने काउंट्यांच्या बदलत्या सीमांचा नकाशासंग्रह केलाय. तो ऑनलाइन आहे आणि फुकट आहे. तारीख टाकली की त्या दिवशीच्या सीमा दिसतात.

घरबसल्या, पैसे न देता काय बघता येतं?

बरंच काही. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर खातं फुकट उघडता येतं. तिथे नाव टाकून शोधण्यावर थांबू नका. कॅटलॉगमध्ये जाऊन राज्य, मग काउंटी निवडा आणि त्या काउंटीच्या कोणत्या वह्यांचे फोटो आहेत ते पाहा. अनेक वह्यांची सूची कोणी केलेलीच नाही, त्या पानन्‌पान उलटाव्या लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण वहीला तिची स्वतःची सूची शेवटच्या पानांत बहुधा असते. काही फोटो फक्त त्यांच्या संलग्न ग्रंथालयात बसूनच दिसतात.

मिसुरी राज्याने १९१० पासूनच्या, पन्नास वर्षांहून जुन्या दाखल्यांचे फोटो सरळ संकेतस्थळावर ठेवलेत. माझ्या मते याहून चांगली सोय दुसऱ्या राज्यात क्वचितच असेल. वेस्ट व्हर्जिनिया आणि ॲरिझोनाही उदार आहेत. इलिनॉयच्या अभिलेखागाराची १९१६ ते १९५० ची सूची फुकट आहे. सूचीत क्रमांक मिळतो, दाखला वेगळा मागवायचा. न्यूयॉर्क शहराच्या म्युनिसिपल अर्काइव्ह्जने १९४८ पर्यंतचे मृत्यू दाखले २०२२ मध्ये ऑनलाइन खुले केले.

दाखला कोणालाही मिळतो का?

जुना असेल तर बहुधा हो. टेक्सासमध्ये २५ वर्षांनी मृत्यूची नोंद सार्वजनिक होते, पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क राज्यात ५० वर्षांनी. ओहायोत फार अडवत नाहीत. कॅलिफोर्नियात दोन प्रकारच्या नकला असतात: जवळच्या नातेवाइकांना अधिकृत नक्कल, इतरांना 'माहितीपुरती' असा शिक्का मारलेली. वंशावळीसाठी दुसरी पुरते, दोन्हींवर मजकूर सारखाच असतो. फी ठिकाणागणिक साधारण १० ते ३० डॉलर.

अर्जात 'वंशावळीसाठी, प्रमाणित नसलेली नक्कल' असं स्पष्ट लिहा. काही ठिकाणी ती स्वस्त असते. आणि मूळ पानाचा फोटो मागा. नाहीतर संगणकावर पुन्हा टाइप केलेला गोषवारा येतो आणि त्यात अर्धी माहिती गळते.

दाखल्यावर जे लिहिलंय ते खरं मानायचं का?

हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न, आणि तो मला फार कमी लोक विचारतात.

विसाव्या शतकातला दाखला एका कागदावर असला तरी त्यात दोन-तीन माणसांच्या साक्षी असतात. मृत्यूची तारीख, वेळ, कारण डॉक्टर लिहितो. दफन की दहन, कुठे आणि कधी, हे अंत्यसंस्कार करणारा लिहितो. आणि जन्मतारीख, जन्मगाव, आई-वडिलांची नावं, व्यवसाय, हे सांगणारा तिसराच कोणीतरी. त्याचं नाव माहिती देणाऱ्याच्या रकान्यात असतं. दाखला हातात आला की मी आधी तो रकाना वाचते.

परब आजोबांचा दाखला माझ्या समोर आहे. नाव 'जो पॅरब'. हे 'जो' कुठून आलं देव जाणे, कारखान्यात कोणाला खरं नाव उच्चारता आलं नसेल. वर्णाच्या रकान्यात 'हिंदू'. वय 'सुमारे ४०'. जन्मस्थान 'इंडिया'. वडिलांचं नाव: माहीत नाही. आईचं नाव: माहीत नाही. विवाहित की अविवाहित: अविवाहित. माहिती देणारी बाई त्याच पत्त्यावरची, म्हणजे खानावळीची मालकीण.

अविवाहित! मालवणात त्यांची बायको तेव्हा जिवंत होती, दोन मुलं होती. दाखला खोटा नाही. खानावळवालीला जेवढं ठाऊक तेवढं तिने सांगितलं. तिच्या घरी राहणारा माणूस एकटा होता, म्हणून तिच्या लेखी अविवाहित. तारीख आणि वेळ डॉक्टरने लिहिली, ती मी धरली. बाकीच्यातलं घरच्या कागदांशी जुळतं तेवढंच घेतलं.

माहिती देणारा मुलगा असेल तरी सावध राहा. अमेरिकेत जन्मलेल्या मुलाला आजीचं माहेरचं आडनाव सांगता येईलच असं नाही, आणि बाप गेल्यावर दोन तासांत फॉर्म भरताना तर नाहीच.

वर्णाच्या रकान्यात 'हिंदू' म्हणजे धर्म का?

नाही. त्या काळी अमेरिकेत हिंदुस्थानातून आलेल्या सगळ्यांना 'हिंदू' म्हणत, मग तो शीख असो की कोकणी मुसलमान. १९२०, १९३० आणि १९४० च्या जनगणनेतही वंशाचा रकाना तसाच आहे. शोधताना याचा फायदा होतो, तो पुढे निधनवार्तांच्या प्रश्नात सांगते.

मृत्यूचं कारण वाचलं, पण कळलं नाही.

'कन्झम्प्शन' म्हणजे क्षय. 'ड्रॉप्सी' म्हणजे अंगावर पाणी चढणं. 'अपोप्लेक्सी' हे बहुधा मेंदूतल्या रक्तस्रावाला म्हणत. 'ला ग्रिप' म्हणजे फ्लू. 'ब्राइट्स डिसीज' म्हणजे मूत्रपिंडाचा विकार. कारणाशेजारी कोणीतरी नंतर शाईने आकडा लिहिलेला असतो, तो आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला क्रमांक. डॉक्टरचं अक्षर लागलं नाही तर त्या वर्षीच्या यादीत तो आकडा शोधा. अपघात, खून, आत्महत्या किंवा अचानक मृत्यू असेल तर कोरोनरची, म्हणजे अशा मृत्यूंचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्याची, चौकशी झाली असणार आणि तिचा कागद वेगळा असतो. त्यात साक्षीदारांचे जबाब सापडतात. दाखल्यापेक्षा किती तरी बोलका कागद.

आमचं आडनाव कुठेच सापडत नाही.

सापडणार नाहीच, जसं तुम्ही लिहिता तसं. मराठी नावाची अमेरिकेत तीन प्रकारे मोडतोड होते.

पहिली स्पेलिंगची. वाघ कधी डब्ल्यूने, कधी व्हीने. जुन्या सूची साउंडेक्स पद्धतीने लावलेल्या असतात. तिच्यात सारख्या उच्चाराची नावं एकत्र येतात खरी, पण पहिलं अक्षर मात्र जसंच्या तसं राहतं. म्हणजे डब्ल्यूचे वाघ आणि व्हीचे वाघ एकमेकांना कधी भेटतच नाहीत. दोन्हींकडे बघा. क्षीरसागर के, एक्स, सी कशानेही. ज्ञानेश्वर डी, जी आणि जे. जोशींच्या शेवटी आय, वाय किंवा दोन ई. आनंदीबाई जोशींच्या अमेरिकेतल्या कागदांत दोन ई आहेत.

दुसरी मोडतोड क्रमाची. आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. क्लार्कने मधलं नाव आद्याक्षरात गुंडाळलं, किंवा बोटीच्या यादीत आडनाव आधी होतं म्हणून पुढे तेच पहिलं नाव झालं. वडिलांचं नावच आडनाव म्हणून चिकटल्याचीही उदाहरणं मी पाहिली आहेत. म्हणून तिन्ही नावं आळीपाळीने आडनावाच्या चौकटीत टाकून बघा.

तिसरी बायकांची. लग्नात नाव बदललेली बाई माहेरच्या कागदांत एक, सासरच्या कागदांत दुसरी. त्यात अमेरिकेतल्या जुन्या वर्तमानपत्रांची रीत अशी की तिचं स्वतःचं नाव छापायचंच नाही, 'मिसेस' आणि पुढे नवऱ्याचं पूर्ण नाव. नवऱ्याच्या नावाने शोधल्याशिवाय अशी बाई मिळत नाही.

सगळं करून थकलात की नाव सोडून द्या. काउंटी, वर्ष आणि जन्मस्थान 'इंडिया' एवढंच टाका. छोट्या काउंटीत दहा-बारा नावं येतील, डोळ्यांनी ओळखू येईल.

निधनवार्ता कुठे शोधायची?

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. आपल्या वर्तमानपत्रात 'दुःखद निधन' ही कुटुंबाने पैसे देऊन छापलेली जाहिरात असते आणि निधनाची बातमी वार्ताहराने लिहिलेली असते. तिकडेही तसंच. पैसे मोजून दिलेल्या छोट्या सूचनेत नातेवाइकांची नावं आणि अंत्यसंस्काराची वेळ, मोठ्या लेखात आयुष्य. एकाच माणसाचं दोन्ही असू शकतं आणि दोन्हींत तपशील वेगळे असू शकतात. छोटी सूचना बहुधा आधी छापली जाते, म्हणून मृत्यूनंतरचे सात-आठ दिवसांचे अंक बघा. साप्ताहिक असेल तर तीन आठवड्यांचे.

लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या 'क्रॉनिकलिंग अमेरिका'त जुनी वर्तमानपत्रं फुकट आहेत. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क राज्यांचे स्वतःचे वृत्तपत्रसंग्रहही फुकट. न्यूजपेपर्स डॉट कॉम आणि जिनिऑलॉजीबँक पैसे घेतात. पण अमेरिकेत राहणाऱ्यांनी वर्गणी भरण्याआधी आपल्या गावच्या ग्रंथालयाचं कार्ड काढावं. असे संग्रह अनेक ग्रंथालयं घेतात आणि त्यांतले काही घरूनही उघडतात. त्या काउंटीच्या ग्रंथालयाला ईमेल केला तरी चालतो. बऱ्याच ठिकाणी स्वयंसेवकांनी निधनवार्तांची कार्ड-सूची केलेली असते आणि तारीख दिली तर कात्रणाचा फोटो पाठवतात. मीच पाठवते दर आठवड्याला पाच-सहा.

जुन्या काळातल्या भारतीय माणसासाठी नावाऐवजी 'हिंदू' हा शब्द आणि गावाचं नाव टाका. 'हिंदू' शेवटी दोन ओ घालूनही लिहीत, तेही करून पाहा. परब आजोबांची निधनवार्ता कोणी दिली नव्हतीच, देणार कोण? पण याच युक्तीने त्या आठवड्याच्या अंकात चार ओळी सापडल्या. नाव चुकलेलं, 'हिंदू कामगार' न्यूमोनियाने वारल्याची बातमी, पत्ता मात्र तोच, खानावळीचा.

१९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर गेलेल्या पिढीचं वेगळं. त्यांच्या वार्ता स्थानिक वर्तमानपत्रात, फ्युनरल होमच्या (अंत्यसंस्कार करणाऱ्या संस्थेच्या) संकेतस्थळावर, न्यूयॉर्कहून १९७० पासून निघालेल्या 'इंडिया अब्रॉड'मध्ये आणि महाराष्ट्र मंडळांच्या वार्तापत्रांत सापडतात. बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये झालं, स्थानिक मंडळांपैकी काही त्याहून जुनी आहेत. मंडळाच्या जुन्या चिटणीसांच्या तळघरात जुने अंक पडलेले असतात, प्रेमाने विचारा. फ्युनरल होमचं संकेतस्थळ मालक बदलला की नाहीसं होतं, तेव्हा सापडलेली वार्ता लगेच उतरवून ठेवा.

आणि उलट दिशेनेही शोधा. पुण्या-सांगलीच्या वर्तमानपत्रात नातेवाइकांनी 'अमेरिकेत निधन' अशी जाहिरात दिली असेल तर तीत गाव, माहेर, पाहुणे सगळं असतं. अमेरिकन वार्तेत तारीख आणि काउंटी असते. दोन्ही एकत्र ठेवली की चित्र पुरं होतं.

दहन झालं असेल तर कबरीच्या संकेतस्थळांचा काय उपयोग?

फाइंड अ ग्रेव्हवर आपले लोक कमीच सापडतात, कारण शिळाच नसते. दाखल्यावर दहनभूमीचं आणि फ्युनरल होमचं नाव असतं, त्यांना पत्र लिहा. अस्थी कोणी नेल्या याची नोंद ते ठेवतात.

पण कबर आहे म्हणजे मृत्यूही तिथलाच, असं समजू नका. याचं उत्तम उदाहरण आपल्या घरचं आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावच्या स्मशानभूमीत, डचेस काउंटीत, डॉ. आनंदीबाई जोशींच्या नावाची शिळा आहे. डचेस काउंटीत त्यांच्या मृत्यूची नोंद शोधाल तर मिळणार नाही. त्या २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. गोपाळरावांनी रक्षा त्यांच्या अमेरिकेतल्या यजमान थिओडिसिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवली आणि कार्पेंटर बाईंनी ती आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवली. शिळेवरून मृत्यूचं ठिकाण ठरवणाऱ्याला मी हीच गोष्ट सांगते.

सोशल सिक्युरिटीच्या मृत्यूसूचीचा काही उपयोग?

सोशल सिक्युरिटी म्हणजे तिकडची सरकारी पेन्शन योजना. तिची सूची १९६२ नंतरच्या मृत्यूंसाठी खूप उपयोगी. फॅमिलीसर्चवर फुकट दिसते, पण २०१४ पर्यंतचीच. तिच्यातलं 'शेवटचं निवासस्थान' हे मृत्यूचं ठिकाण नव्हे, ही चूक फार होते. खरी खाण म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबर मिळवताना भरलेला एसएस-५ हा अर्ज. तो त्या माणसाने स्वतः भरलेला असतो, त्यात जन्मगाव, वडिलांचं नाव आणि आईचं माहेरचं नाव असतं. प्रत मागवताना आई-वडील हयात नसल्याचा पुरावा जोडा, नाहीतर त्यांची नावं झाकून पाठवतात.

दाखलाही नाही, वार्ताही नाही. आता?

काउंटीचं प्रोबेट कोर्ट. घर, बँकेतली शिल्लक, काहीही मागे राहिलं असेल तर वारसांची यादी तिथे आहे. भारतातल्या वारसांचे पत्ते अशा फायलींत सापडल्याचं मी दोनदा पाहिलंय. १९०६ ते १९५६ मध्ये नागरिकत्व घेतलं असेल किंवा १९४० मध्ये परदेशी म्हणून नोंदणी झाली असेल तर इमिग्रेशन खात्याचा वंशावळ विभाग फाइल देतो, फी घेऊन आणि सावकाश. १८५०, १८६०, १८७० आणि १८८० च्या जनगणनेसोबत मागच्या वर्षभरात वारलेल्यांची वेगळी यादी केली होती, पण मराठी घरांना तिची गरज क्वचितच पडेल.

हा दाखला सातबाऱ्यावर वारस नोंद करायला चालतो का?

वंशावळीची साधी नक्कल चालत नाही. प्रमाणित नक्कल घ्या आणि ज्या राज्याची ती आहे त्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून अपॉस्टिल, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा यासाठीचं प्रमाणीकरण, करून घ्या. भारत २००५ पासून अपॉस्टिल करारात आहे. न्यूयॉर्कमध्ये त्याआधी काउंटी क्लार्कचा टप्पा लागतो. मराठी भाषांतर हवं का, नावातल्या फरकासाठी प्रतिज्ञापत्र हवं का, हे तलाठी कार्यालयात आधी विचारून घ्या. 'जो पॅरब' म्हणजे आमचे परब, हे कागदावर सिद्ध करणं सोपं नाही.

तारखेवरून तिथी कशी काढायची?

आधी तारीख नीट वाचा. अमेरिकेत महिना पहिला. परब आजोबांची सूचीतली तारीख होती ११-७-१९३१. मी फोटो पाठवला आणि मालवणच्या चुलतभावाने ती ११ जुलै वाचली. गुरुजींना विचारून तिथी काढली, एक श्राद्धही उरकलं. खरी तारीख ७ नोव्हेंबर. चूक माझी, मी नुसता फोटो पाठवून दिला, महिना अक्षरात लिहिला नाही.

मग वेळ. दाखल्यावर रात्री सव्वानऊ. तिकडच्या आणि आपल्या घड्याळात साडेअकरा तासांचं अंतर, म्हणजे आपल्याकडे ८ तारखेचे सकाळचे पावणेनऊ. तिथी चंद्र-सूर्यामधल्या अंतरावर ठरते, त्यामुळे ती कोणत्या क्षणी बदलते हे जगभर एकच, घड्याळं तेवढी निराळी. गुरुजींनी मृत्यूच्या क्षणाची तिथी धरली. तुमच्याकडे सूर्योदयाची धरत असतील तर त्यांना मृत्यूचं गावही सांगा.

आमच्याकडे ८० हून जास्त वर्षं त्यांचं सर्वपित्री अमावास्येला होत होतं, तिथी माहीत नसलेल्यांचं करतात तसं. खरी तिथी निघाली ती ऐन दिवाळीतली. घरात थोडी कुरकुर झाली, सणात श्राद्ध कुठे घालायचं म्हणून. चुलतभावाची बायको म्हणाली, "फराळाच्या गडबडीत आणखी एक पान वाढायचं, एवढंच ना."